तळ्याकडे निघालेला गुडघा

म्हातारपणावर माणसाने अखेर विजय मिळवला होता. निदान भास्करराव खांडेपारकरांच्या उजव्या गुडघ्यापुरता. पाणसरड्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, म्हणून त्याच्याच पेशींतून डॉक्टरांनी हा गुडघा नवा उगवून दिला होता.

शरयूबाईंनी बागेतल्या तळ्यात हौसेने पाणसरडे सोडले होते. थंडीत ते तळ्यात परततात, म्हणून त्या सकाळी बघायला गेल्या आणि किंचाळल्याच. गळ्याएवढ्या पाण्यात नवरा बसला होता, मफलरसकट.

“अहो, बाहेर या! न्यूमोनिया होईल!”

“मी येतो गं, गुडघा येत नाही. हे पाणसरडे बाहेर कधी पडतात?”

“होळीला!” शरयूबाईंना रडूच फुटलं.

तेवढ्यात कुंपण ओलांडून शेजारचे कर्णिक आले. त्यांचे तर दोन्ही गुडघे नवे.

“वहिनी,” पाण्यात बसता बसता ते अदबीने म्हणाले, “एक बादली गरम पाणी ओताल का?”