गाडीतली सोबत

"शेजारची सीट धुवायची नाही," आयली म्हणाली. "बाकी गाडी हवी तेवढी घास."

वॉरननं व्हॅक्यूमची नळी खाली ठेवली. गाडीला वर्षभर पाणी लागलं नव्हतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे थर दारांवर बसले होते. आत शिळ्या धुराचा वास कोंडला होता.

"अगं, सीटवर कॉफी सांडलीय."

"आर्वोनं सांडलीय. राहू दे."

आर्वो आयलीचा नवरा आणि वॉरनचा शाळेपासूनचा दोस्त. गोठलेल्या सरोवराला भोकं पाडून मासे धरता धरता दोघं म्हातारे झाले होते. गेल्या मार्चमध्ये आर्वो स्वयंपाकघरात हृदय बंद पडून गेला. घरात तेव्हा तो एकटाच होता. त्याबद्दल आयली आणि वॉरन कधी बोलले नव्हते.

खरं तर ती गाडी घेऊन आलीच नसती. पण सायलेन्सर असा काही गरजायला लागला होता, की ती हँकॉक गावातला चढ चढू लागली की लोक खिडकीत येत. शेवटी चर्चच्या पायरीवर वॉरननंच तिला गाठलं. "तुझी गाडी पाद्रीबुवांपेक्षा मोठ्यानं ओरडते. उद्या माझ्या गॅरेजमध्ये आण." म्हणून ती आली होती. येताना त्याच्यासाठी वेलदोड्याचा पाव भाजून आणला होता.

वॉरननं गाडी लिफ्टवर चढवून उचलली आणि दिवा घेऊन तो खाली शिरला. आयली शेगडीजवळच्या स्टुलावर बसली. त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिला बोलणं सोपं गेलं.

"वॉरन, हसशील. आर्वो येतो."

"कुठे?"

"गाडीत. माझ्याशेजारी बसतो."

वॉरन हसला नाही.

उन्हाळाभर आर्वो आला नव्हता. पहिला बर्फ पडला, तिनं काचा वर केल्या, हीटर लावला आणि सरोवराच्या काठी गाडी उभी केली. इंजिन चालूच होतं. थोड्या वेळानं हातपाय जड झाले, डोळ्यांवर झापड आली, आणि शेजारून त्याचा खोकला ऐकू आला. मग तिचं नाव. शेवटचं अक्षर लांबवून, फक्त तोच घ्यायचा तसं. तिला भीती वाटली नाही. तेव्हापासून दर रविवारी ती तिथं जात होती. बर्फाकडे बघत त्याला एकच गोष्ट विचारत होती. रागावलास का माझ्यावर? तो तिचं नाव घ्यायचा, पण याचं उत्तर द्यायचा नाही.

"काल तर निघायचं म्हटलं, तर हात उचलेना," आयली म्हणाली. "तो सोडतच नव्हता मला."

खालची ठोकठोक थांबली. वॉरन बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आयली, इकडे ये. बघ."

त्यानं पाइपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो लोण्यात जावा तसा आरपार गेला आणि गंजाचा भुगा खाली पडला. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर एका बाजूनं फाटून लोंबत होता. त्याच्या वर गाडीचा तळही मिठानं खाल्ला होता. पायपुसणीखाली मूठ जाईल एवढं भोक होतं.

"इंजिनाचा धूर मागून जायच्या ऐवजी इथून आत येतोय. तुला वास येतो तो नुसत्या धुराचा. त्यात जे विष असतं त्याला वासच नसतो. आधी गुंगी येते. मग नाही ते दिसतं, ऐकू येतं. मग माणूस झोपतो आणि पुन्हा उठत नाही."

आयलीनं त्या भोकात हात घालून पाहिला.

"म्हणजे तो आलाच नव्हता."

वॉरन हात पुसत राहिला. "नवा पाइप टाकतो, कन्व्हर्टर बदलतो, खाली पत्रा जोडतो. तोवर माझा ट्रक ने."

"किल्ली दे, वॉरन."

"नाही देणार."

"माझी गाडी आहे ती."

"असू दे. गेल्या वर्षी दोस्ताला खांदा दिला. तुला देणार नाही."

ती पुन्हा स्टुलावर बसली. शेगडीत लाकूड तडतडलं. मग तिनं हळूच विचारलं, "हे कधीपासून असेल?"

"एवढा गंज एका हिवाळ्यात चढत नाही. आर्वो गाडी चालवायचा तेव्हापासून असणार."

आयलीनं मान वर केली. "या धुरानं डोकं दुखतं?"

"सगळ्यात आधी तेच. मळमळतं. माणूस चिडचिडा होतो, उगाच भांडायला उठतो."

त्या शेवटच्या हिवाळ्यात आर्वो तिला दर रविवारी फिरवायला न्यायचा. जाताना दोघं हसत जायचे आणि येताना भांडत यायचे. हीटरवरून, वळणावरून, कशावरूनही. त्याच्या शेजारी बसलं की तिच्या कानशिलात घण पडायचे. आयुष्य ज्याच्याबरोबर काढलं, त्याचा आवाजही तिला सोसेना. तिनं बहिणीला, हिल्माला फोन केला. "मला या माणसाजवळ बसवतच नाही गं. संपलंय सगळं." फेब्रुवारीत ती बॅग भरून हिल्माकडे निघून गेली. आर्वो फोन करत राहिला. तिनं उचलला नाही. मग एक दिवस फोन वॉरनचा आला.

आयली उठली आणि गाडीखाली जाऊन उभी राहिली. त्या फाटक्या पाइपावरून तिनं बोट फिरवलं. वॉरनला वाटलं, ती आता पुन्हा किल्ली मागेल.

"वॉरन," ती म्हणाली, "आमच्यात काहीच बिघडलं नव्हतं रे."