इंजिनाचा रकाना

"हं, करा आता सुरू," हेडलाइटच्या कडेवरून बोट फिरवत पारखीकाका म्हणाले.

स्टिअरिंगवर बसलेला मालक आधी गोंधळला, मग खिडकीतून मान बाहेर काढून खदखदून हसला. "काका, चालूच आहे! मघापासून!"

काकांनी हेडलाइटवरचं बोट झटकन मागे घेतलं. मालकाला मात्र आभाळ ठेंगणं झालं. तो टुणकन खाली उतरला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, बाहेर ये! गाडी चालू आहे हे काकांना कळलंसुद्धा नाही! बारा वर्षांचं चीज झालं बघ!"

गाडी विलायती, साठ वर्षांपूर्वीची. मास्तर-कारकुनांना परवडावी म्हणून काढलेली, चौघं बसले की पाचव्याने पायी यावं एवढीच. मालकाने ती भंगारातून उचलली आणि बारा वर्षं गॅरेजात खोलत-जोडत बसला. अशा गाड्यांची पारख करायला लोक काकांनाच बोलवायचे, ते त्यांच्या कानासाठी. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत. तो कान दोन वर्षांपासून जात चालला होता. काका ओठ बघून बोलणं ओळखत, रंग-पत्रा डोळ्यांनी निभावत आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत दिवस ढकलत. घरी बायकोलाही त्यांनी "तू हल्ली फार हळू बोलतेस" एवढंच सांगितलं होतं.

मालकाने बॉनेट उघडलं. पंखा गरगर फिरत होता. काकांनी सवयीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हाताला थरथर लागली. कानात काही नाही. त्यांनी डोळे मिटले, दुसरा कान लावला. तिथेही काही नाही. इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा मालकाची बायको समोर उभी होती. "काहीतरी टकटक होतंय ना, आतून?" ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? काकांच्या कानापुढे तुझी टकटक!" मालक म्हणाला. "तुम्ही लिहा हो काका. उद्या आमची पोरगी नातवाला घेऊन याच गाडीने डोंगर उतरणार आहे. काकांचा कागद बघितल्याशिवाय बसणार नाही म्हणते."

काकांनी तपासणीचा कागद मडगार्डवर ठेवला. रंग, पत्रा, चाकं, ब्रेक, सगळं भरलं. इंजिनाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'उत्तम' लिहायला वेळ तो किती लागतो! मालकाचं कौतुक आणि काकांचं नाव, दोन्ही शाबूत राहिली असती. मालक शाळेच्या निकालाला आलेल्या बापासारखा कागदाकडे बघत होता.

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"वहिनी, टकटक नेमकी कुठून येतेय ते मला बोटाने दाखवा," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. गाडी चालू आहे हेसुद्धा मला ऐकू आलं नव्हतं."

मालकाचं हसू हळूहळू उतरलं. तो काहीतरी बोलला. पण मान खाली घालून बोलला, त्यामुळे काय म्हणाला ते काकांना कळलं नाही.