खुलासा

साल अठ्ठावन्न. दर्यापूरच्या वाचनालयाबाहेर, लोकांनी मनातलं लिहावं म्हणून टांगलेल्या फळ्यावर कोणीतरी खडूनं लिहिलं, ‘ललिता मास्तरीण पोरांच्या वाटची दूधभुकटी विकते.’

‘माही सून मास्तरीण हाय,’ असं ज्याला-त्याला सांगणाऱ्या सासूला, केशरबाईला, वाचता येत नव्हतं. ललिताला तेवढाच आधार होता.

“चिटणीससाहेब, तेवढं पुसून टाका हो.” ती पुन्हा एकदा वाचनालयाची पायरी चढली.

“बाई, फळा साऱ्या गावाचा. तक्रार आली का पुसला, असं केलं तं फळा कोराच राहीन. मंडळ बसू द्या.”

मंडळ बसेपर्यंत महिना गेला. ललिता रोज मान खाली घालून फळ्यासमोरून शाळेत जायची. शेवटी चौकशी झाली, मजकूर खोटा ठरला, फळा पुसला गेला. निरोप द्यायला चिटणीस स्वतः शाळेत आले. “नुसतं पुसून भागते काय, बाई? तुमचं नाव साफ कराची जबाबदारी मंडळाचीच हाय.”

संध्याकाळी डफ वाजत गल्लीत शिरला. “ऐका हो ऐका! ललिता मास्तरीण पोरांची दूधभुकटी विकत नाही होऽऽ!”

 

केशरबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. “काहून वं ललिता, विकत होती का तू?”