सातवा हात

सहा हात भिंतीवर उमटले होते. सातवा उखर्डू आबांनी शालीत दडवला होता आणि काही केल्या ते तो बाहेर काढायला तयार नव्हते.

पांझरा नदीवरून धुकं धुळ्याच्या मैदानावर उतरलं होतं. एक गोलपोस्ट दिसत होता, दुसरा आहे असं धरून चालायचं. कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होती. तो धूर धुक्यात मिसळला होता आणि माणसं कमरेच्या वर तेवढी तरंगत होती. वांगी असोद्याची, म्हणजे जळगावकडची. फुटबॉलमध्ये क्लबचे लोक जळगावचं नावही घेत नाहीत, पण वांग्याला कोणी नाक मुरडत नाही.

क्लबची रीत जुनी होती. हंगाम संपला की भरिताच्या पंगतीआधी गोलमागच्या भिंतीशी जमायचं. सात जुन्या चाहत्यांनी चुन्यात हात बुडवून भिंतीवर पंजांचं वर्तुळ उमटवायचं आणि मधोमध खेळाडूचं नाव लिहायचं. एक हात कमी पडला तरी नाव नाही. तीस वर्षांत अशी दोनच नावं लागली होती.

यंदा इसाकचं नाव निघालं होतं. वय बेचाळीस, आठवडाभर वेल्डिंगचं दुकान आणि रविवारी पाठीवर नऊ नंबर. हल्ली तो फारसा धावत नसे, चेंडूच त्याचा पत्ता काढत यायचा. क्लबच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती हाणामारी चालली होती. पोरं म्हणत, लेजंड. त्यांचे बाप म्हणत, कसला लेजंड? नऊ वर्षांपूर्वी दोन हंगाम जळगावकडून खेळला, याच मैदानावर आपल्यालाच गोल मारून गेला! इसाकने एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्या सहा हातांमधल्या कोऱ्या जागेकडे बघायचं टाळत होता. ते नाव त्याला फार हवं होतं.

"आबा, हात द्या," रंगाचा ब्रश घेऊन उभा असलेला कप्तान शेहजाद म्हणाला. "वांगी करपतील."

"मना हात ऱ्हाऊ द्या."

हसीनाबीने ओल्या चुन्याचा हात कमरेवर ठेवला. तीस वर्षं ती या गोलमागे फुटाणे विकत आली होती. "अजून जळगावचा राग आहे का, आबा? माणूस परत आला, नंतर सात वर्षं आपल्यासाठीच खेळला. आणखी काय करायचं त्याने?"

"इसाकवर राग नहीं व," आबा म्हणाले. "राग मना सोतावरच शे."

मग ते भिंतीकडे न बघता धुक्याकडे बघत बोलले. जळगावच्या त्या गोलच्या दिवशीही असंच धुकं होतं. शेजारचा माणूस म्हणजे नुसती सावली. आबा याच गोलच्या मागे उभे होते. समोर पांढरं, सगळं पांढरं, आणि त्यातून इसाक एकटाच आला, झोपेत चालल्यासारखा. पाय हलला की नाही तेही कळलं नाही. आपला गोली अजून डावीकडेच बघत होता आणि जाळी हलत होती.

"अन् मी टाळ्या वाजाड्यात," आबा म्हणाले. "जळगावना गोलले! आपला क्लब बुडना, अन् ह्याच हातस्नी टाळ्या वाजाड्यात. बाकीन्या टाळ्या जळगाववालास्न्या व्हत्यात. आपलामा मी एकलाच. असा गद्दारना हात भितवर लावू का?"

शेहजादच्या ब्रशवरून रंगाचा थेंब पडला.

इसाक हळूच पुढे आला. "आबा, जळगावचे लोक तेव्हा मैदानात नव्हतेच."

"अरे, ट्रक भरीसन उन्हतात ना!"

"तो ट्रक मॅच संपल्यावर आला. धुक्यामुळे वाटेत पारोळ्यालाच थांबला होता. आम्ही खेळाडू तेवढे आदल्या दिवशी येऊन राहिलो होतो." तो थांबला. "मी गोल करून उभा राहिलो तेव्हा चहूकडून टाळ्या आल्या. दिसत कोणीच नव्हतं. पण एका माणसाच्या टाळ्यांचा आवाज तेवढा नसतो, आबा."

आबांनी मान वळवून त्या सहा जणांकडे पाहिलं. एकाने चप्पल झटकली. दुसरा वांगी बघायला निघून गेला. हसीनाबी हाताचा चुना पदराला पुसत होती, चुना निघाला तरी पुसतच होती.

"मंग तू इतला वर्षं बोलना का नहीं?" आबांनी विचारलं.

"बोललो असतो तर तुम्ही सगळे एकमेकांशी भांडला असता," इसाक म्हणाला. "आणि मी त्या टाळ्यांसाठीच परत आलो होतो."

आबांनी शाल खांद्यावरून काढून हसीनाबीकडे दिली. बादलीत हात मनगटापर्यंत बुडवला आणि सगळा जोर लावून भिंतीवर दाबला. गार चुना कोपरापर्यंत ओघळला, सदरा भिजला, तरी ते हात काढेनात.

"लिख रे भो," ते शेहजादला म्हणाले. "ठयठयीत लिख. धुक्कामाबी दिसाले पाहिजे."