शंभरपर्यंत

पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने कुमुदिनीबाईंना पलंगावर आडवं पाडलं आणि तोंडावर उशी दाबली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी आधी त्याचे हात ओरबाडले, लाथा झाडल्या. मग अंग सैल सोडून त्यांनी श्वास रोखला आणि मनात आकडे मोजायला लागल्या. रोज सकाळी त्या प्राणायामाला बसल्या की सून रेवती घड्याळ धरून मोजायची, तसेच, तिच्याच आवाजात.

साठाच्या आसपास त्याने उशी काढली. बाईंनी पापणीही हलू दिली नाही. त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला.

“मेली म्हातारी.”

“इतक्यात?” पलीकडून रेवती म्हणाली. “फसू नकोस. आई ऐंशीपर्यंत श्वास रोखतात, रोज मीच मोजते. परत दाब. शंभर होईपर्यंत सोडू नकोस.”

तो उशी घेऊन वाकला. बाईंनी दोन्ही गुडघे छातीशी ओढले, पवनमुक्तासनात ओढतात तसे, आणि टाचा त्याच्या हनुवटीवर हाणल्या. जबडा कडकन मोडला. तो मागे कोसळला, त्याचं डोकं लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर फुटलं आणि फरशीभर रक्त पसरलं. तो पुन्हा हलला नाही.

“झालं का?” खाली पडलेला फोन विचारत होता.

बाईंनी खोल श्वास घेतला, सावकाश सोडला. मग गुडघे न दुमडता वाकून फोन उचलला.

“शंभर झाले, रेवती. ये आता घरी.”