मंगळवारचं पाणी

खालच्या मजल्यावरचे काका तणतणतच वर आले होते. "दर मंगळवारी दुपारी आमच्या बाथरूमचं छत गळतं. नेमकी तेव्हा ही बहिणीकडे गेलेली असते, फरशी मलाच पुसावी लागते!" म्हणून या मंगळवारी मी रजा टाकून प्लंबरला बोलावलं.

त्याने बाथटबच्या वरच्या कडेखालची जाळी उघडली आणि आतलं कुजलेलं रबर माझ्या हातावर ठेवलं. "टब काठोकाठ भरला की जादा पाणी इथून जातं, ताई. गळतं ते तेव्हाच. एरवी एक थेंब नाही."

मी एकटी राहते. सकाळी शॉवर घ्यायचा आणि ऑफिसला पळायचं. टब मी आजवर एकदाही भरलेला नाही.

"मग भरतं कोण?" त्याने विचारलं, आणि तेवढ्यात बाहेर दाराच्या कुलपात किल्ली फिरली. त्याने हातातला पाना घट्ट धरला. मी त्याच्या पाठीमागे सरकले. पावलं थेट बाथरूमकडेच येत होती.

दारात खालच्या काकू उभ्या होत्या, खांद्यावर टॉवेल टाकून. कुंड्यांना पाणी घालायला म्हणून किल्ली मीच त्यांना दिली होती. आम्हाला बघून त्या माझ्याहून जास्त घाबरल्या.

 

"ह्यांना सांगू नकोस गं," त्या कुजबुजल्या, "आठवड्यातला तेवढा एकच तास मला कुणी हाक मारत नाही."