एकोणिसावा कागद

“न्याय न्याय करणाऱ्या पोरी कामचुकार असतात, चांगुणा.” नांदेडला ट्रेनिंगमध्ये मेट्रनबाई म्हणायच्या. त्या वारून वर्षं झाली, पण तो खर्जातला आवाज चांगुणाबाईंच्या कानात अजून तसाच होता.

आता लातूरच्या दवाखान्यात त्या स्वतः इन्चार्ज होत्या. टेबलावर नर्सेसनी बिननावानं भरून दिलेले कागद होते. ‘कामाच्या ठिकाणी न्याय मिळतो का?’ मॅनेजमेंटनं विचारलं होतं. अठरा कागदांवर नुसतं ‘होय’. एकोणिसाव्यावर लिहिलेलं, ‘ड्युटी लावताना इन्चार्जबाई माणूस बघतात. चार वर्षांत माझं वाटोळं झालं.’

“वाटोळं म्हणे!” बाई फणकारल्या. “पगार उचलताना न्हाई आठवलं ते?”

हे कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सिद्धम्माच्या वाट्याला आयसीयू, सिद्धम्माच्या वाट्याला सणवार. निलंग्याकडची, हाडाची कष्टाळू, पण जिभेला लगाम नाही. मागच्याच महिन्यात भर स्टाफरूममध्ये तिनं विचारलं होतं, “बाई, ऋतुजाला कवा लावणार आयसीयूला? का मेंदी निघंल तिच्या हाताची?”

ऋतुजा बाईंची भाची. बहिणीमागं राहिलेली एकुलती लेक, तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. तिच्या वाट्याला ओपीडीची सावली. नंबर पुकारायचे, वजन घ्यायचं, पाचला घर गाठायचं. आयसीयूच्या घाणीत तिनं कशाला हात घालावा?

बाईंनी सिद्धम्माला बोलावून घेतलं.

“सोमवारपासून मुदखेडच्या शाखेत जायचं.”

“मुदखेड? नांदेडच्याबी पल्याड? बाई, पोरगी दहावीला हाय माझी. तिला कुणाच्या जिवावर सोडू? काय चुकलं माझं?”

बाईंनी कागद तिच्यापुढं फेकला. “लिहिताना पोरगी न्हाई आठवली?”

सिद्धम्मानं तो दोनदा वाचला. “म्या न्हाई लिवलं. म्या ‘होय’ लिवलं, बाई. मला नोकरी पायजे. न्याय घिऊन काय करू?”

“वर आन् खोटं बोलतीस!” बाईंनी बदलीच्या कागदावर पेन टेकवलं.

“मावशी, सही करू नको.” ऋतुजा दारात उभी होती. “ते मी लिहिलंय.”

बाई हसल्या. “तू? आन् तुला काय कमी केलं गं मी?”

ऋतुजानं एकदा सिद्धम्माकडं पाहिलं.

“चार वर्षांची नर्स हाय मी, मावशी. मला अजून सलाईन लावता येत न्हाई.”